घळीतला बघण्याचा कार्यक्रम

“बसा बोलत. मी आपली गाडीत थांबते, माझे गुडघे काही वर यायचे नाहीत,” असं म्हणून सुनीतामावशी निघाल्या. सकाळी तलावाकाठी हेच गुडघे तासभर फिरले होते.

मावशी नात्यानं कुणाच्याच मावशी नव्हत्या. लग्नं जमवायची त्यांना हौस. कल्याणी ऑकलंडातल्या हेन्डरसनच्या वृद्धाश्रमात नर्स, चाळिशीला टेकलेली. शुभंकर तिथून दीड तासावरच्या रोटोटुनाचा फार्मासिस्ट, घटस्फोटित. ऑकलंडात भेट ठरवली की बातमी संध्याकाळपर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला पोचते. म्हणून २०१६च्या ईस्टरला साउथ आयलंडची ट्रिप आणि ओमारामाची ही ओसाड घळ. पोहे मात्र डब्यात होते.

घळ पाहण्यासारखी होती. कोरड्या, पिवळ्या मातीचे उंच सुळके, मधून आत जाणारी वाट. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत असल्यामुळे ती नीट बघून झाली.

“तुमच्याकडे बेडरिडन पेशंट्स असतात?” शुभंकरनं विचारलं.

“हीप्स. ढिगानं.”

“उचलायचं वगैरे तुम्हीच करता?”

“दोघी मिळून. का हो?”

“आई येतेय पुण्याहून. पॅरालिसिस आहे. परक्या बाईला अंगाला हात लावू देत नाही.”

“मी परकीच की.”

“आत्ता आहात,” तो लाजून म्हणाला.

हीच मागणी होती. माणूस वाईट नव्हता. गोळी जेवणाआधी की नंतर, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगणारा. पण सकाळपासून त्यानं कल्याणीच्या नोकरीबद्दल सगळं विचारलं होतं, कल्याणीबद्दल काही नाही. एकटीनं जेवायचा तिला कंटाळा आला होता. पुढचा प्रश्न आपल्याबद्दल विचारला तर हो म्हणायचं, असं तिनं ठरवलं.

“नाइट शिफ्ट सोडता येईल?”

प्रश्न पुन्हा नोकरीचाच. ती हसली. “पेशंटवर आहे ते.”

तो घाईनं उठला. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, खाली सुटे गोटे; घसरला. तिनं कोपराखाली हात घातला. “माझ्याकडे बघा, पायांकडे नको. आता डावा.” असं करत त्याला खालच्या सपाट वाटेवर आणलं.

“थँक्यू हं,” तो म्हणाला. “मग मावशींना काय सांगू?”

“नाही म्हणाली, सांगा. आणि पोहे खाऊन घ्या.”

“तुम्ही?”

“एवढी आलेय, तर बघून येते.”

ती पुन्हा चढली. वर दोन भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की आडवं होऊन शिरावं लागत होतं. नव्या कुर्त्याच्या दोन्ही खांद्यांना माती लागली. खालून मावशींची हाक आली. कल्याणीनं आतूनच हात वर केला आणि पुढे सरकली.