तांबडी शेपटी

वडगावात तेव्हा घरोघरी हातमाग चालत, आणि माग बसवायच्या खड्ड्यासकट भाड्याची खोली मिळणं म्हणजे नशीबच. नागोजी विणकराचं नशीब मात्र त्याच्या कुत्र्यांपाशी अडलं होतं. लाडी आणि गोडी, एका वेताच्या बहिणी, दोघी पांढऱ्याशुभ्र. त्यांच्यापायी दोन घरमालकांनी त्याला आधीच बाहेरची वाट दाखवली होती.

"गल्लीत ताण्याचं उभं सूत पसरलं की कुत्रं सुतात शिरतंय," तिसरे घरमालक आण्णाप्पा म्हणाले. "एक असलं तर चालवून घीन. दोन न्हाय."

"एकच हाय, आण्णा!" नागोजीने बेधडक ठोकून दिलं.

मग काय, सकाळी लाडी दारात आणि गोडी मागच्या परड्यात, दुपारी उलट. ताण्याच्या सुताला दोघींनी कधी नाकही लावलं नाही. नागोजीने मागावर लुगडं चढवलं, तेही आण्णाप्पांच्या लेकीच्या लग्नाचं, आणि गडी निर्धास्त झाला.

नेमकी तेव्हाच एका सकाळी लाडीने निवत ठेवलेल्या तांबड्या रंगात शेपटी बुचकळली. घासून घासून नागोजीचे हात दुखले, शेपटी तांबडी ती तांबडीच.

दुपारी आण्णाप्पांची बायको बायाक्का रोजच्यासारखी कुत्र्याला भाकरी घेऊन आली. दारात गोडी.

"नागोजी, सकाळी हिची शेपटी तांबडी हुती की रं?"

"धुतली, आक्का. गेला रंग."

"गेला? त्योच रंग माझ्या लेकीच्या लुगड्याला हाय न्हवं?"

नागोजी कात्रीत सापडला. खरं बोलावं तर बिऱ्हाड रस्त्यावर, मागावरचं लुगडं अर्धवट. पण आपला रंग कच्चा, असं विणकराने आपल्याच तोंडाने म्हणायचं? बाप वर गेला होता, तिथून खाली उतरून त्याने कान उपटला असता.

"रंग पक्का हाय, आक्का," तो रडवेला होऊन ओरडला. "कुत्री दोन हाईत!"

"हळू बोल की, मेल्या! आमचं ह्ये घरात जेवाय बसल्यात." बायाक्काने पदराखालून दुसरी भाकरी काढली. "दोन हाईत ते मला पयल्यापास्नं ठावं हाय. आत्ता खाल्लेलं कुत्रं परत भुकेलं येतंय व्हय?"

नागोजीचे डोळे भरून आले.

"रडत काय बसलास? हिचीबी शेपटी बुडीव जा बिगीनं. ह्येंचं जेवान हुत आलंय."