रांगेचा भाव

वजनकाट्याला आकांक्षानं खालून दोन टपल्या मारल्या, तेव्हा कुठं त्याच्यावर लाल आकडे उगवले. समोरच्या बाईनं घाईघाईनं वांगी काट्यावर ठेवली. न जाणो, पुन्हा बंद पडायचा.

"आई, याची बॅटरी गेली."

"गेली नाई, रुसते ते कवाकवा," देवकाबाई पालकावर पाणी शिंपडत म्हणाली. "भाव सांग तिले. मोठ्यानं सांग."

"चाळीस रुपये किलो," आकांक्षा मोठ्यानं म्हणाली.

नागपूरकडच्या सेलूच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची ही रांग किती जुनी, ते कोणालाच ठाऊक नाही. तिचा नियम मात्र सगळ्यांना पाठ आहे. भाव मोठ्यानं सांगायचा, शेजारणीच्या कानावर गेला पाहिजे. एखादं गिऱ्हाईक वाकून 'मला कमी लाव, मी कोणाला सांगत नाही' म्हणालं, की ते बोलणंही तसंच मोठ्यानं रांगेला ऐकवायचं. रांग हसते, गिऱ्हाईक ओशाळतं आणि ठरल्या भावानं भाजी घेऊन जातं. हे सारं कुठं लिहिलेलं नाही, त्यामुळं ते मोडायला पळवाटही नाही.

एकदाच मोडलं होतं, ते शेजारच्या धुरपतानं. नवरा श्रावण दवाखान्यात पडलेला, तिला घरी जायची घाई, त्यात हायवेवरचा एक ढाबेवाला आला आणि तिनं अख्खा ढीग अर्ध्या भावात हळूच त्याच्या गाडीत भरून दिला. पुढच्या बाजारी तो ढाबेवाला रांगेतल्या प्रत्येकीला तोच भाव मागत फिरला. त्या वेळी काटा दोघींत मिळून एक होता, देवकाबाईचा. देवकाबाईनं धुरपतापुढं ठेवलेला काटा उचलला आणि स्वतःच्या पोत्यावर आणून ठेवला. धुरपतानं त्या दिवशी वाटे लावून अंदाजानं माल विकला आणि पुढं पैसे साठवून स्वतःचा काटा घेतला. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. दोघी एकमेकींच्या भाकरीतली भाकरी खातात, सुनांच्या कागाळ्या सांगतात, एकमेकींचा ढीग सांभाळतात. काटा मात्र इकडचा तिकडं कधी गेला नाही. देवकाबाईनं मागितला नाही, धुरपतानं दिला नाही.

विमान चालवणारी पोरगी बाजारात काय करते, हे पहिल्या आठवड्यातच अख्ख्या सेलूनं विचारून घेतलं होतं. आकांक्षा एका विमान कंपनीत सहवैमानिक होती. कंपनीनं प्रत्येकाला वेगवेगळा नवा करार पाठवला. काम तेवढंच, पगार कमी, आणि सही आठ दिवसांत. वैमानिकांच्या संघटनेनं सांगितलं, सही कोणी करू नका, बोलायचं असेल तर कंपनीनं सगळ्यांशी मिळून बोलावं. ज्यांनी सही केली नाही त्यांना कंपनीनं ड्युटी देणं बंद केलं आणि संघटनेचा सचिव कॅप्टन नागसेन याला तर नोकरीवरूनच काढलं. उन्हाळ्यातल्या वाऱ्यात विमान कसं उतरवायचं, ते आकांक्षा त्याच्या शेजारी बसून शिकली होती. तिनंही सही केली नाही आणि नागपूरची खोली बंद करून ती घरी आली.

वडील वासुदेवराव पहिल्या रात्री जेवता जेवता म्हणाले होते, "आपल्या वावराच्या वर्षाच्या कमाईएवढा तुह्या महिन्याचा पगार. त्यातला थोडा कापला तं काय जीव जाते?"

"बाबा, जास्त हाय म्हणून न विचारता कापाचा का?"

वासुदेवरावांना पटलं असं नव्हे, पण सकाळी भाजीची पोती गाडीवर बांधताना त्यांनी तिलाही मागं बसवून घेतलं.

दुपार उतरणीला लागली तेव्हा एक पांढरी कार बाजाराच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यातून प्रफुल उतरला. कंपनीच्या नागपूर कार्यालयात माणसांच्या नेमणुका-पगाराचं सगळं तो पाहायचा. मूळचा याच जिल्ह्यातल्या कारंजा घाडग्याचा, म्हणूनच त्याला पाठवला असणार. चिखल चुकवत, पालेभाजीच्या देठांवरून तो सरळ त्यांच्यापुढं आला.

"घरी गेलतो. बाबांनी सांगितलं इकडं आहात," तो म्हणाला. "काकू, नमस्कार. मी हिच्या ऑफिसातला."

देवकाबाईनं पदर सावरला आणि एक रिकामं पोतं चौघडी करून त्याच्यापुढं टाकलं. प्रफुल खरंच त्याच्यावर बसला. आकांक्षाला त्याचं बरं वाटलं. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, सरळच सांगतो." त्यानं आवाज उतरवला. "तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. कॅप्टनच्या ट्रेनिंगच्या पुढच्या तुकडीत तुमचं नाव टाकतो. पगारही तुमच्यापुरता जुनाच ठेवू. उद्या येऊन सही करा, परवापासून ड्युटी."

आकांक्षानं हातातली कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी केली. तिला ते हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं. विमानातली कॅप्टनची डावीकडची खुर्ची, खांद्यावर चौथा पट्टा, प्रवाशांना 'मी आपली कॅप्टन' म्हणून सांगताना येणारा स्वतःचाच आवाज. कितीदा तरी आरशापुढं म्हणून पाहिलं होतं तिनं ते.

"आणि नागसेन सर?"

"ते प्रकरण वेगळं आहे."

"बाकीचे?"

"ज्याच्या त्याच्याशी बोलणं चालू आहे. तुम्ही आलात तर दहा जण मागून येतील, हेही सांगतो. लपवत नाही. फक्त हे आपल्यातच राहू द्या."

देवकाबाईला सगळं ऐकू आलं नव्हतं. पण एक शब्द बरोबर कानात शिरला होता.

"कॅप्टन करून राह्यले का साहेब?"

"हो काकू. हिनं हो म्हटलं की झालं."

देवकाबाईचा चेहरा असा उजळला, की आकांक्षाला तिच्याकडं पाहवेना. पोरगी विमानाच्या शाळेत गेली तेव्हापासून या बाईनं रांगेत शंभरदा सांगितलं होतं, आज ना उद्या माही आकांक्षा कॅप्टन होते. कोणी हसलं तर त्याला तोडून बोलली होती.

"मंग घे ना माय," ती म्हणाली. "किती दिवस सांबाराच्या जुड्या विकशीन? देव घरी चालून आला."

प्रफुल हसला. आकांक्षानं जुडी खाली ठेवली.

"साहेब, हे जरा मोठ्यानं सांगता का?"

"म्हणजे?"

"इथं हळू बोललेला भाव धरत नाहीत."

"मॅडम, ही काय वांगी आहेत का?" तो अजून हसतच होता, पण त्यानं एकदा रांगेकडं पाहून घेतलं. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांचे हात थांबले होते.

आकांक्षा उठून उभी राहिली. नोकरी गेली तर पुढं काय, याचा विचार तिनं रोज रात्री केला होता आणि रोज रात्री घोडं तिथंच अडलं होतं. आत्ताही उत्तर नव्हतं. पण संघटनेत पाचर कुठं बसवायला हा माणूस आला आहे, ते तिला दिसत होतं, आणि ती पाचर आपल्या हातून बसू द्यायची नव्हती. एवढं पुरेसं होतं.

"धुरपतामावशी," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेब मले कॅप्टन करून राह्यले. पगारबी कापत नाई म्हणते. उद्या जाऊन सही कराची, बस."

"बरं हाय की," रांगेच्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

धुरपता मिरच्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आन बाकीच्यायले?" तिनं विचारलं.

"बाकीच्यायले काई नाई, मावशी. आन हे कोणाले सांगाचंबी नाई."

कोणी हसलं नाही. एरवी अशा वेळी रांग हसते. धुरपतानं हातातली मिरची टोपलीत टाकली आणि मान वर केली. तिनं आकांक्षाकडं पाहिलं नाही, साहेबाकडं तर नाहीच. तिनं देवकाबाईकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसतं पाहिलं, आणि बराच वेळ नजर काढली नाही.

देवकाबाई पाण्याचा डबा हातात धरून तशीच बसली होती. चेहऱ्यावरचा उजेड गेला नव्हता, पण आता त्याच्यापुढं काहीतरी आडवं आलं होतं. तिनं डबा खाली ठेवला. हात पदराला पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिली. मग पोरीकडं पाहिलं. आकांक्षा उभीच होती.

"तुले पायजे होतं ना ते?" तिनं हळू विचारलं.

"पायजे होतं," आकांक्षा म्हणाली. "अजूनबी पायजे हाय."

देवकाबाईनं मान हलवली. मग प्रफुलकडं वळून ती म्हणाली,

"साहेब, या रांगेत असा सौदा होत नाई. तुमी इतक्या दूरून आले, तुमचा मान हाय. वांगे पायजे असन तं सांगा. चाळीस रुपये किलो. सगळ्यायले चाळीस."

प्रफुल उठला. पँटला लागलेली माती त्यानं झटकली नाही.

"मॅडम, संध्याकाळी मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. पत्र येईल तुम्हाला, नागसेनना आलं तसं."

"कळवा," आकांक्षा म्हणाली. "मीबी कळवतो आता सगळ्यायले. तुम्ही आलते आन काय म्हणाले ते."

मग तो कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसल्यासारखा ढिगाकडं वाकला.

"एक किलो द्या काकू. माझी आई अशीच काटेरी देठाची मागते, नागपुरात मिळत नाहीत."

देवकाबाईनं वांगी निवडून काढली आणि काट्यावर ठेवली. आकडे आले नाहीत. आकांक्षानं खालून टपली मारली, दुसरी मारली. तार काढून पुन्हा खोचली. काटा मेल्यासारखा पडून राहिला. देवकाबाईनं रांगेच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. तिकडच्या पिंकीचा काटा मागवावा लागणार होता, तसा तिनं आधीही एकदोनदा मागवला होता. त्यासाठी कोणाला तरी उठून एवढं अंतर जायला हवं होतं. आकांक्षानं पाऊल उचललं.

तेवढ्यात डावीकडून पोत्यावर काहीतरी घासत आलं.

धुरपतानं आपला काटा उचलून त्यावरची मिरचीची देठं पदरानं पुसली होती आणि दोन पोत्यांच्या मधल्या वीतभर मातीवरून तो इकडं सरकवला होता. आकडे लागलेलेच होते. ती पुन्हा मिरच्या निवडायला लागली.

देवकाबाईनं एकेक वांगं त्या काट्यावर ठेवलं. शेवटचं ठेवल्यावर वजन किलोच्या वर भरलं, तरी तिनं काढून घेतलं नाही.

"किती झाले, काकू?" प्रफुलनं विचारलं.

देवकाबाईनं धुरपताला नीट ऐकू जाईल असा मोठ्यानं भाव सांगितला.