बाजाराच्या दिवशीची गोळी

मी एक जुनी चंची आहे. चिंधी म्हणाल तर मला खपायचं नाही. सौंदडच्या शामकलाबाईने मला स्वतःच्या हाताने शिवलं. पान, सुपारी, तंबाखू, चुना, सगळ्यांना माझ्या पोटात वेगळी खोली. शामकलाबाई बाजारात मुरमुरे विकायची आणि मी तिच्या कमरेला मिरवायची. शेजारणी म्हणायच्या, "कशी साजरी चंची आहे वो!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "शिवणारीले पाह्य ना!"

मित्रांनो, दोन हजार सहा साली तिची बोटं सुजली. माझी दोरीसुद्धा तिला सुटेना. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोगाशी लढणारी तुमच्या अंगातली ताकद तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे. ही गोळी तिला आवरेल. पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जहर होईल."

तिचा मुलगा रत्नपाल म्हणाला, "माय, मी क्यालेंडरवर खुणा करून देतो."

"मले कायले तुह्या खुणा? सौंदडचा बाजार आठवड्यातून एकदाच भरते. ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी गोळी. मी का लेकरू आहो?"

गोळ्या माझ्या आतल्या कप्प्यात आल्या. बाजारात ताडपत्री अंथरायची, चूळ भरायची, गोळी गिळायची, मग पान. बोटं हळूहळू मोकळी झाली. पुन्हा ती एका झटक्यात माझी दोरी सोडू लागली. काय तिचा तोरा!

धान कापून झालं आणि दुलीचंद बांगडीवाल्याने मेटाडोर घेतली. तो विकणाऱ्या बायांना गावोगावच्या बाजारांना नेऊ लागला. शामकलाबाई सगळ्यांच्या आधी चढून बसायची. आज या गावचा बाजार, उद्या त्या. ताडपत्री, चूळ, गोळी, पान. हाताला वळण पडलेलं. तिने गोळी बाजाराला बांधली होती, वाराला नाही. गोळ्या सरल्या की जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी आणायची.

सून मोनालीने एकदा विचारलं, "आत्याबाई, गोळ्या लवकर सरून राहिल्या काऊन?"

"माह्या गोळ्यांवर नजर ठेवतेस का वो? मुरमुऱ्यांवर ठेव, उंदरं खाऊन राहिले!"

पोरगी उंदीर हाकलायला गेली, पुन्हा तिने विचारलं नाही. पुढे शामकलाबाईच्या तोंडात फोड आले. तिने चुन्याला शिव्या घातल्या आणि माझ्यातला सगळा चुना फेकून दिला. गोळी मात्र तशीच चालू. मग ताप आला, अंगावर निळे डाग उठले, आणि एका भरल्या बाजारात ती मुरमुऱ्यांच्या पोत्यावर कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेत होत्या?"

"बाजाराच्या दिवशी."

"आणि बाजार कधी असतो?"

"रोज," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. रत्नपाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती वाचली. पण जहर उतरलं तरी त्याने केलेली नासधूस उरली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस जागोजागी घट्ट झालं आहे, ते आता पूर्वीसारखं होणार नाही. ती गोळी कायमची बंद झाली, म्हणून बोटंही पुन्हा वाकडी झाली. मी खुंटीवर गेले. वर्षांमागून वर्षं माझ्यावर धूळ बसली. अंगण झाडताना ती मध्येच खाली बसायची आणि म्हणायची, "धूळ गेली नाकात." अंगण तर नुकतंच सारवलेलं असायचं.

बाजार सोडायला मात्र ती तयार नव्हती. एके दिवशी मोनालीकडून मला पुन्हा कमरेला बांधून घेतलं आणि हट्टाने सौंदडच्या बाजारात जाऊन बसली. "मुरमुरे घ्या वो, ताजे..." एवढं म्हटलं आणि हाक तुटली. गिऱ्हाईक पुढे निघून गेलं. हाकेवाचून बाजार कसला? तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेजारी बसलेल्या मोनालीने घाबरत घाबरत हाक दिली.

"अशी काय बोंबलतेस?" शामकलाबाई खेकसली. "मयतीले बोलावून राहिली का? पोटातून काढ..." पुढे दम पुरला नाही.

मोनाली थांबली. सासूचा श्वास परत येईपर्यंत थांबली. मग उरलेलं ऐकून पुन्हा हाक दिली. आता दोघींचा बाजार असाच चालतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं तिखट माणूस असेल. त्याची बोलणी खा, पण गोळी कोणत्या वारी घेता, हे विचारा. रागावलं तर उद्या पुन्हा विचारा. मला कुठे विचारता आलं? माझं तोंड दोरीने आवळलेलं. तुमचं तर मोकळं आहे ना?