झाटेत्सच्या मळ्यातली पहार

मी एक जुनी पहार आहे. चेक देशातल्या झाटेत्स गावाजवळच्या एका लोहाराने गाडीच्या मोडक्या आसापासून मला घडवलं आणि माझं टोक मुद्दाम दुभंगून ठेवलं. आमच्याकडे हॉपचे वेल लावतात. बिअरला कडवटपणा येतो तो त्यांच्याच फुलांनी. घरापेक्षा उंच खांबांवरून तारा सोडायच्या आणि वसंतात प्रत्येक तारेचं खालचं टोक माझ्या दातात धरून वेलाच्या बुडाशी खुपसायचं, म्हणजे वेल वर चढतो. मित्रांनो, हेच माझं काम.

वेंडेलीनने मला तरुणपणी हाती धरलं. बायको तार धरायची, तो मला दाबायचा. दोघांनी मिळून हा मळा उभा केला. "असली पहार पंचक्रोशीत नाही," असं तो सांगत फिरायचा. मीही फुगायचे.

मग कौतुक आटलं. मळ्याच्या मधोमध मी आत जाईना. खाली कडक लागायचं, मी अंगभर झणझणून सांगायचे. ऐकतोय कोण? "बोथट झाली," म्हणत मला घासलं. पुढच्या वर्षी पुन्हा घासलं. बोथट मी नव्हते, यांची डोकी होती! तिथले वेल पिवळे पडून अर्ध्या तारेवरच थांबायचे. यांनी खत वाढवलं. वेल पिवळे ते पिवळेच.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात शेजारचा ओटाकार आला, मान वर करून म्हणाला, "मर रोग आहे हा. पसरायच्या आत सगळा मळा उपटा."

वेंडेलीन आता म्हातारा झालेला. बायको गेली, तिच्या हातचा हा मळाच उरलेला. तो जवळचा खांब धरून उभा राहिला. त्याची मुलगी लुडमिला मात्र बोलली.

"ओटाकारकाका, एखादा वेल कापून बघितलात?"

"कापायचा कशाला? डोळे आहेत मला."

"डोळे आहेत हो, पण चाकू कुठाय?"

तिने एक खुरटा वेल बुडाशी कापला. आतून पांढरा, स्वच्छ. मर रोगात तो तपकिरी पडतो. ओटाकार नाक खाजवत बसला.

मग तिने मला उचललं. जिथे वेल तारेच्या टोकाला पोचले होते, तिथे मी लोण्यात शिरावं तशी आत गेले. खुरट्या वेलांपाशी मात्र वीतभर जाऊन अडले.

"बोथट आहे ती," वेंडेलीन पुटपुटला.

"बाबा, तिकडे धार होती आणि चार पावलांत गेली?"

तिने खणून दाखवलं. खाली विटेसारखा थापलेला थर, त्यावर कुजकट ओल आणि वाट न मिळाल्याने आडव्या धावलेल्या मुळ्या. मग ती मला चहूकडे टोचत निघाली. कडकपणा संपेल तिथे एकेक काटकी रोवली. बघता बघता काटक्यांचं गोल रिंगण झालं.

वेंडेलीन त्याकडे बघत राहिला आणि एकदम खोकला लागेपर्यंत हसला. "अरे देवा! हे तर आपलं नाचायचं रिंगण!"

खरंच की! दर हंगामात शेवटचा वेल उतरला की सगळं गाव ट्रॅक्टर आणि भरलेल्या गाड्या घेऊन मळ्यात शिरायचं. गोल करून गाड्या उभ्या, मध्ये बिअरचं पिंप, आणि भोवती नाच. जमीन पावसाने भिजलेली असली तरी! त्या वजनाखाली ओली माती दबून दबून वीट झाली होती.

"सगळ्यात जड ट्रॅक्टर कुणाचा, काका?" लुडमिलाने विचारलं.

"माझा," ओटाकार म्हणाला. "आणि नाचणाराही सगळ्यात जड मीच."

मळा उपटायची गोष्ट तिथेच संपली. जमीन कोरडी असताना ओळींमधली माती खोलवर फोडली, खोल मुळांचं राय धान्य पेरलं. नाच मळ्याबाहेर डांबरी रस्त्यावर गेला. "डांबरावर कुणी नाचतं का?" म्हणून वेंडेलीन रुसला आणि सगळ्यांच्या आधी नाचायला उतरला.

यंदाच्या वसंतात त्याने त्या रिंगणात मला स्वतः टेकवलं. हातात जोर कसला तो नव्हताच. तरी मी आत गेले. "गेली गं, लुडमिला, गेली!" तो पोरासारखा ओरडला. सगळे वेल अजून वर पोचलेले नाहीत, पण चढताहेत.

मित्रांनो, पीक इथे उभं आणि तिथे खुरटलं दिसलं, तर निकाल देण्याआधी दोन्हीकडची माती उकरून बघा. ओल्या जमिनीवर गाड्या घालू नका. आणि अवजार अडलं की त्याच्यावर खेकसू नका. खाली वाका आणि ते कशाला अडलंय ते बघा.