दोन बटणं

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायचं मशीन वहिनी चालवते. गठ्ठा सारखा करून पात्याखाली सरकवायचा आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. एकच दाबलं तर पातं ढिम्म हलत नाही. बटणंही मुद्दाम लांब लांब बसवलेली, म्हणजे हात पात्याखाली जाणार कुठून? नव्या माणसांना हे सगळं वहिनीच शिकवते.

तरी गेले काही महिने तिच्या डोक्यात एकच चित्र घुसत होतं. पातं खाली आलंय आणि तिची बोटं कागदांत पडलीत. प्रत्यक्षात तिला कधी साधं खरचटलंही नव्हतं. पण चित्र आलं की ती थांबायची, बोटं चाचपायची आणि शेजारच्या टेबलावर पानं जुळवणाऱ्या मला विचारायची, "आहेत ना गं सगळी?" मी 'आहेत' म्हणायची. जरा वेळाने पुन्हा तेच. मग ती गठ्ठाच मागे ओढून त्यात बोटं पडली नाहीत ना, ते बघायला लागली. गठ्ठा हलायचा आणि वह्या तिरक्या कापल्या जायच्या.

मालकांनी आवाज न चढवता सांगितलं, असंच चाललं तर सोमवारपासून मशीनवर दुसरं कुणीतरी उभं राहील. वहिनीचा त्या मशीनवर जीव आहे. तिची कड कधी वाकडी जात नाही म्हणून दादा तिला घरी 'फूटपट्टी' म्हणतो आणि ती ते कौतुकाने मिरवते. त्या दिवशी मात्र ती जेवली नाही.

या भीतीसाठी ती ज्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायची, त्यांनी तिला सांगितलं होतं की विचार आला तर येऊ दे, त्याच्याशी भांडू नको, बोटं तपासू नको. मला बजावलं होतं की तिने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, उत्तराने भीती तेवढ्यापुरती निजते आणि पुन्हा जागी होते. मला हे मुळीच पटलं नव्हतं. घाबरलेल्या माणसासमोर तोंडाला कुलूप लावून बसायचं, ही कुठली माया?

शनिवारी तिचे हात इतके थरथरायला लागले की मला राहवेना. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हे बटण मी दाबते, तू फक्त उजवं दाब. मी दाबलंसुद्धा. तिचा उजवा हात बटणावर होता आणि मोकळा झालेला डावा सवयीने गठ्ठा सारखा करायला पात्याखाली गेला.

दुसऱ्याच क्षणी तिने दोन्ही हात मागे घेतले आणि माझा हात बटणावरून बाजूला केला.

"अगं, दोन्ही हात अडकून राहावेत म्हणून तर दोन बटणं आहेत," ती शांतपणे म्हणाली. "जा, तू तुझ्या टेबलावर बस."

मी काय करून बसले होते ते मला तेव्हा कळलं. रडू आलं, तर तिनेच मला पाणी आणून दिलं. खरोखरच्या संकटात तिने ना बोटं चाचपली, ना मला काही विचारलं. हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती स्वतःच्या हातांकडे जरा नवलाने बघत होती.

मग तिने गठ्ठा लावला. चित्र पुन्हा आलंच, तिचा चेहरा मला वाचता येतो.

"आहेत ना गं सगळी?"

मी मान खाली घातली आणि पानं जुळवत राहिले. उत्तर न देणं इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. पानांचा एक संच जुळवून झाला, मी दुसरा घेतला. मग पातं खाली आलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं.

मालक येऊन गेले. त्यांनी एक वही उचलून कड डोळ्यांसमोर धरली आणि ती सरळ आलेली पाहून वही परत ठेवली. तेव्हा कुठे मी वहिनीकडे पाहिलं. तिचे हात अजून थरथरत होते, आणि दोन्ही बटणांवर होते.