मंजूर झालेली फाईल

मी बोलतेय, नागपूरच्या एका कॉलेजातल्या लोखंडी कपाटातून. मी फाईल. हसू नका! माझ्या पोटात एक अख्खा अभ्यासक्रम आहे आणि तो विद्यार्थ्यांनी घडवलेला आहे.

१९७४ साली अर्थशास्त्राच्या अरुंधतीबाईंनी मला सीताबर्डीच्या बाजारातून विकत आणलं. तोवर वर्गात एकच रीत. बाई नोट्स सांगत, मुलं उतरवून घेत आणि पेपरात तेच ओकत. बाईंना त्याचा वीट आला होता. एक दिवस त्या म्हणाल्या, "आज वह्या बंद. तुम्हाला काय समजून घ्यायचंय ते चिठ्ठीवर लिहा. त्यावरून आपण धडे ठरवू."

बाप्पा, काय चिठ्ठ्या आल्या! काटोलहून एसटीनं येणाऱ्या गोपिकानं लिहिलं होतं, "आमचे बाबा संत्र्याची बाग फुलावरच, फळ लागायच्या आधीच, व्यापाऱ्याले विकून टाकतात. काहून?" या एका प्रश्नावर बाईंनी किमतीचा सगळा धडा बेतला. मुलं संत्रा मार्केटात गेली, व्यापाऱ्यांशी बोलली, वर्गात येऊन कडाकडा भांडली. त्या चिठ्ठ्या, ते नवे धडे बाई माझ्यातच लावत, मी तर फुगूनच गेले होते.

माझी एक नक्कल बाईंनी विद्यापीठाकडे धाडली. परीक्षेआधी मंजुरी येईल, पेपरही बदलेल, असं त्या धरून चालल्या. तिथंच चुकल्या. मंजुरी आली नाही. पेपर जुनाच आला, 'किंमत-निर्धारणाचा सिद्धांत लिहा.' गोपिकानं त्यात आपली बाग लिहिली. फुलावरच सौदा का होतो, भाव कोण ठरवतो, सगळं. ती नापास झाली.

तिचे वडील चंपतराव तिला घेऊन आले. "बाई, बागेचंच शिकायचं होतं तं ते मी घरी शिकवलं असतं. आता पुरे झालं तिचं कॉलेज."

"बाबा, मले एक डाव बसू द्या ना," गोपिका रडून राहिली होती.

"चूक माझी आहे भाऊ, तिची नाही," बाई म्हणाल्या. चंपतरावांनी हात जोडले आणि लेकीला घेऊन निघून गेले. त्या दिवशी बाई माझ्यावर डोकं टेकून रडल्या.

पुढच्या जूनपासून बाई पुन्हा नोट्स सांगू लागल्या. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांना बोल कसा लावू?

१९८१ मध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. अभ्यासक्रम मंजूर. बाईंनी ते दोनदा वाचलं, माझ्यात ठेवलं, नाडी बांधली आणि वर्गावर गेल्या. "लिहा," नोट्स सांगणारा त्यांचा आवाज आला.

काटोलकडे कोणी जात असाल तर एवढं करा. गोपिकाला सांगा, तुझं उत्तर बरोबर होतं वं.