वर घ्यायचा दोर

शिरूरच्या मिशनच्या आवारात कुणी दगावलं की पाळकसाहेबांच्या आधी गिदोनआबांकडे माणूस धावायचा. पाळक काय, नगरहूनही आणता आले असते. दोर मात्र आबांकडेच होते. पेटी कबरेत सोडायचे दोन दोर, घायपाताच्या पात्यांतून निघणाऱ्या वाखाचे, तीन पदरी, अंगठ्याएवढे जाड. ते आबांच्या खाटेवरच्या खुंटीला टांगलेले असत आणि घरात कितीही नड असली तरी त्यांना कुणी हात लावायचा नाही. एकदा धुणं वाळत घालायला आबांच्या मुलाने, पीटरकाकाने, त्यातला एक काढला, तर दोन लेकरांचा बाप असलेल्या काकाच्या कानाखाली आबांनी भर अंगणात वाजवली होती.

त्याला कारण होतं. आबांची बायको, म्हणजे त्यांची नात दबोराची आजी, गेली तेव्हा घाईघाईत कुणाच्या तरी विहिरीवरून मोटेचा जुना नाडा आणला होता. तो अर्ध्यावर तुटला. पेटी डोक्याकडून खाली आदळली. त्या आवाजाबद्दल आबा जन्मात कधी बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणाचा घायपात तोडायला घेतला. तरुणपणी ते मिशनच्या कारखान्यात दोर वळायचे. कारखाना कधीच बंद पडला होता, हात मात्र विसरले नव्हते.

"मानसाला जल्मभर धक्केच बसत्यात," ते म्हणायचे. "निदान शेवटचं उतरताना तरी बसू न्हाई."

दबोराची आई तिच्या जन्मातच गेली आणि बाप लढाईवर गेला तो परत आला नाही. तिला वाढवलं आबांनी आणि शेजारच्या प्रेमाबाईने. प्रेमाबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दबोराला रागवायचा सगळा हक्क तिने स्वतःकडे ठेवला होता आणि लाडाचा आबांकडे. दोर वळायचा असला की आबा दबोराला अंगणाच्या टोकाला पीळ द्यायची आकडी फिरवायला बसवत. काखेत वाखाची जुडी, हातात वाढत जाणारा पदर, आणि आबा एकेक पाऊल मागे मागे चालत जात. मिशनच्या देवळाच्या भिंतीपर्यंत. इतर माणसं जाताना पाठ फिरवतात. आबा लांब जायचे तेही तिच्याकडे तोंड करून. त्या एवढ्याशा पोरीला त्याचं फार बरं वाटे.

पंधराव्या वर्षी त्यांनी तिला वळायला शिकवायला घेतलं. तिच्या दोराला गाठीच गाठी. आबा तो निमूटपणे उलगडत आणि म्हणत, "हूं, परत वळ." मग तिचं लग्न झालं. विल्यम दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होता. संसार आला, लेकरं आली आणि दोर राहिला तो राहिलाच. शेवटच्या भेटीत आबा एसटीपर्यंत पोचवायला आले होते. "दिवाळीच्या सुट्टीत ये. ऱ्हायलेलं शिकवतो," म्हणाले. दिवाळीत विल्यमची ड्युटी निघाली, धाकटीला ताप आला. पानशेतचं धरण फुटलं ते साल. नाताळाला आठ दिवस असताना आबा गेल्याची तार आली.

कबरस्थानात दबोरा रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी दगड झाली. पेटी उतरली, अगदी अलगद, आबांच्याच दोरांवरून. आता रीत अशी की एक टोक सोडायचं, दुसरं ओढायचं आणि दोर पेटीखालून वर घ्यायचा. मग आबा तो विहिरीवर नेऊन धूत, कडुनिंबाला वाळवत आणि पुन्हा खुंटीला लावत. पण ओढायची वेळ आली तशी दबोरा बायांच्या घोळक्यातून पुढे आली, पुरुषांच्या हातातली टोकं तिने काढून घेतली आणि सगळीच्या सगळी कबरेत टाकली.

"त्यांच्या हातचं त्यांच्यासंगं जाऊ द्या," ती म्हणाली.

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते. पीटरकाका डोळे पुसत म्हणाला, "जाऊ द्या साहेब." बाया हमसून रडल्या, आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांनाच ते शोभून दिसलं. पुढच्या माणसाचं काय, हे त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. मायेच्या भरात माणूस जी चूक करतो तिला त्या वेळी कुणी चूक म्हणत नाही, हीच तर पंचाईत असते.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला प्रेमाबाईने अंथरूण धरलं. दबोरा लेकरं सासूकडे ठेवून दौंडहून आली. प्रेमाबाईला मोतीबिंदूने दोन वर्षांपासून काही दिसत नव्हतं. तिने दबोराचा हात चाचपला, बांगड्या मोजल्यासारख्या केल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दबोरा, माझ्यासाठी दोर हाय न्हवं गं?"

 दबोराला वाटलं, मावशीला तर दिसत नाही. आबांना पुरलं त्या दिवशी काय झालं ते तिला कुणी सांगितलंही नसेल.

"हाय मावशी. खुंटीलाच हाय."

"मग झालं," प्रेमाबाई म्हणाली आणि कुशीवर वळली.

दबोरा बाहेर आली ती तडक पीटरकाकाकडे. काका म्हणाला, "एवढं काय त्यात? बाजारात काथ्याचा दोर मिळतो." दबोराने त्याच्याकडे असं पाहिलं की काकाचा हात आपसूक कानाकडे गेला. तिने विळा घेतला आणि कुंपण गाठलं. आबांनी लावलेला घायपात वर्षभर कुणी तोडला नव्हता. तो माजला होता. पाती तोडली, ठेचली, दगडावर घासली. रसाने हात खाजून लाल झाले, काट्यांनी फाटले. चौथ्या दिवशी दोरीवर पांढरा वाख वाळत पडला होता. पण आकडी फिरवायला माणूस नव्हता, आणि प्रेमाबाईच्या पोटात आता पेजसुद्धा ठरत नव्हती.

तो शनिवार होता, शिरूरच्या बाजाराचा दिवस. केंदूरचे हौसराव आले. आबांचं जुनं गिऱ्हाईक, तीस वर्षं त्यांच्या मोटेचा नाडा आबांनी वळलेला. बाजारात त्यांना सगळी हकीकत कळली होती. खांद्यावरचं वेटोळं त्यांनी तिच्यापुढे टाकलं.

"हिरीवर इंजिन बसवलं तवापासनं ह्यो गोठ्यात पडून हाय. आबाच्याच हातचा हाय पोरी. घेऊन टाक."

दबोराने नाडा उचलून नाकाशी धरला. पाणी, शेवाळ आणि त्याखाली कुठेतरी आबा. तिला तो सोडवेना. पण मोटेच्याच नाड्याने आजी आदळली होती.

"मामा, ह्यानं तुमचं रान भिजवलं, दमला आता ह्यो. ह्याच्यावर मानूस न्हाई सोडायचं."

हौसरावांनी नाडा बाजूला सारला. मग म्हणाले, "आकडी कुठं हाय?" साठी उलटलेला तो बागायतदार फेटा काढून अंगणाच्या टोकाला बसला आणि आकडी फिरवू लागला. येणारेजाणारे थांबून पाहू लागले, तसा खेकसला, "तमाशा हाय का?"

दबोराने काखेत जुडी मारली. पहिल्या दहा हातांत पाच गाठी. ती थांबली, सगळं उलगडलं. आतून कुणी म्हटल्यासारखं तिला ऐकू आलं, हूं, परत वळ. ती पुन्हा मागे चालू लागली. हौसराव लहान लहान होत गेले आणि ती देवळाच्या भिंतीला टेकली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आबांना इथून ती अशी दिसत असणार, एवढीशी, दूर, आकडीला चिकटलेली. इतकी वर्षं तिने फक्त आपल्या बाजूनेच पाहिलं होतं.  हातातला पदर सोडता येत नव्हता म्हणून ती रडली नाही.

रविवारी संध्याकाळी दोर झाले. आबांसारखे नव्हते, पण गाठ नव्हती. हौसरावांनी ते झाडाला बांधून स्वतःच्या अंगाचा भार टाकून पाहिला. दबोराने ते नेऊन प्रेमाबाईच्या हातात दिले. म्हातारीने बोटं फिरवली, बराच वेळ.

"नवा हाय," ती म्हणाली.

दबोरा खाटेच्या कडेला बसली.

"मला दिसत न्हाई, ऐकू येतंय. दोर वर येताना पेटीला घासतो, खर्रर करून. तुझ्या आजीच्या वक्ताला आधीच तुटला. त्यो आवाज आलाच न्हाई. त्यावर गिदोन मला म्हनला हुता, प्रेमा, त्यो आवाज आला की मानूस नीट पोचलं म्हनायचं. त्याच्या वक्ताला मी कान देऊन हुबी हुते गं. न्हाई आला."

"मावशी, मला ठाव न्हवतं."

"तुला शिकवायचंच ऱ्हायलं हुतं त्याचं. म्हनून तर इचारलं तुला, दोर हाय का म्हनून." तिने दोर दबोराच्या मांडीवर सरकवला. "आता हाय."

मंगळवारी पहाटे प्रेमाबाई गेली. दुपारी कबरस्थानात चौघांनी नव्या दोरांवरून पेटी सोडली. हातभर, आणखी हातभर, आणि ती टेकली ते फक्त दोर सैल पडला म्हणून कळलं. धक्का बसला नाही. सगळे दबोराकडे पाहू लागले. गेल्या वेळचं कुणी विसरलं नव्हतं. पाळकसाहेब बाजूला झाले.

दबोरा पुढे आली. तिने एक टोक सोडलं आणि दुसरं ओढलं.

खर्रर.

मग दुसरा दोर. पुन्हा तोच आवाज, पेटीच्या तळाला घासत, माती घेऊन, वर. दोर तिच्या पायाशी गोळा झाला. पलीकडे चार पावलांवर आबांची कबर होती, वर गवत आलं होतं आणि खाली त्यांचे दोर तसेच पडले होते, तिने टाकलेले.

"आबा, मावशी पोचली," ती म्हणाली. "तुमालाच म्या पोचू दिलं न्हाई."

आणि ती खाली बसून रडू लागली. दहा महिन्यांचं सगळं एकदम आलं. कुणी तिला धरलं नाही, कुणी उगी म्हटलं नाही. माती ओढून झाली, गीत झालं, लोक पांगले. हौसराव तेवढे बाभळीखाली थांबले होते. ऊन उतरल्यावर ती उठली, दोन्ही दोर खांद्यावर घेतले आणि धुवायला विहिरीकडे निघाली.